तेलाकडे मी बघतो

लरोज, लुईझियाना
१४ जानेवारी २०२४

इव्हेट,

बाबा गेल्याचं तुला कळलं असेलच. आईनं तुझ्या फोनवर निरोप ठेवला होता, मीही दोनदा लावून पाहिला. एकोणीस डिसेंबरला सकाळी गेले. फार त्रास झाला नाही, असं आई सगळ्यांना सांगते. तेच खरं धरून चाल.

चर्चमधली अंत्यविधीची मिस्सा शुक्रवारी झाली. तू येशील म्हणून आईनं पुढच्या बाकावर तिच्या शेजारी पर्स ठेवून जागा धरली होती. प्रार्थना संपेपर्यंत ती पर्स तशीच होती. लोक दाटीवाटीनं उभे होते, पण ती उचल म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. मीही म्हणालो नाही.

बोटींवरचे जुने लोक आले होते. शेजारचे क्लोव्हिस काका वॉकर घेऊन आले. शवपेटीजवळ वाकून म्हणाले, "डडली, तू विणलेलं जाळं माझ्याकडे अजून आहे रे. एक गाठ सुटलेली नाही." तिथे आई पहिल्यांदा रडली.

तू यायला हवं होतंस. बोलणार नव्हतो, पण लिहून झालं आता. बापाच्या शेवटच्या दिवसांतसुद्धा माणसानं इतकं ताणून धरू नये.

एक सांगतो. शेवटचे दोन महिने ते काही खात नव्हते. डॉक्टर म्हणाले, मागतील ते द्या. आणि त्यांनी काय मागावं? तुझे ते फ्राइज. कोळंबी, चीज आणि तिखट घातलेले. मी करून घालायचो. बरे जमायला लागले होते.

त्यांनी तुझ्यासाठी एक निरोप ठेवलाय. तो पत्रात लिहिण्यासारखा नाही. फोन केलास तर सांगेन.

नोलन


४ फेब्रुवारी

इव्हेट,

माझं पत्र परत आलं. पाकिटावर तुझ्याच अक्षरात आडवं लिहिलंय, 'पाठवणाऱ्याला परत'. तुझा 'प' अजूनही शाळेतल्यासारखाच आहे, पोट फुगलेला.

हे उघडशील की नाही माहीत नाही. पण निरोप माझ्याकडे पडून राहिलाय आणि मला तो जड झालाय. म्हणून लिहितो.

ऑक्टोबरातली गोष्ट. आईनं भात आणि ग्रेव्ही आणली, बाबांनी तोंड फिरवलं. गंबोचं दाट सूप आणलं, तोंड फिरवलं. त्या औषधांनी त्यांना सगळं पुठ्ठ्यासारखं लागायचं. मग एक दिवस मला म्हणाले, "त्या पोरीनं करायला घेतलं होतं ना रे, बटाट्याचं? चीज नि कोळंबी घालून?"

मी म्हणालो, "कुठली पोर?"

"आपल्याला पोरी किती आहेत?" म्हणाले. "त्या दिवशी ते खाल्लंच नाही कुणी. मला खायचंय."

आई ओट्याशी उभी होती. ती गॅस बंद करून बाहेर गेली. तू बारा वर्षांची होतीस त्या दिवसापासून आपल्या घरात तेल तापतं ते बाहेरच, गाडीच्या छपराखाली, हे तुला आठवत असेल. आतल्या शेगडीवर आई अंडंसुद्धा लोण्यात करते. मी बाहेर गॅसची शेगडी मांडली. कढई ठेवली आणि तेल तापायला लागल्यावर मी चार पावलं मागे सरलो. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दिवसभर जहाजांच्या पत्र्यांना वेल्डिंग करतो, आणि एका कढईला घाबरतो.

पहिल्या दिवशी फ्राइज लिबलिबीत झाले. बाबांनी एक उचलून पाहिला. त्यांची बोटं कशी झाली होती तुला माहीत आहे, दोन एकमेकांना चिकटलेली, तरी त्या चिमट्यात तो लोंबत होता. म्हणाले, "हा बटाटा आहे की गांडूळ?"

दुसऱ्या दिवशी कुरकुरीत झाले, पण मसाला बेताचा घातला होता. डॉक्टरांनी तिखटाला तसं नाही म्हटलं नव्हतं, पण मीच भीत होतो. तर म्हणाले, "हात जळलेत माझे, जीभ नाही. तिखट घाल."

मग मला आठवायला लागलं. तू बटाटे सालासकट कापलेस, करंगळीएवढे जाड. कापून बर्फाच्या पाण्यात टाकलेस. "पाण्यात नाही टाकले तर चिकटतात, नोलन, जरा वाट बघ," असं म्हणालीस. मग फडक्यावर पसरून अगदी कोरडे करायचे. एकदा मंद आचेवर तळून काढायचे, गार होऊ द्यायचे, आणि मग मोठ्या आचेवर दुसऱ्यांदा. लाल तिखट, पॅप्रिका, लसणाची पूड, कांद्याची पूड, थाइमची सुकी पानं, दोन्ही मिरी, काळी आणि पांढरी. मसाला गरम फ्राइजवरच टाकायचा, म्हणजे तेलाबरोबर धरतो. चीजसाठी लोण्यात मैदा परतून दूध, आणि किसलेलं चीज गॅस बंद केल्यावर. कोळंबी आणि सॉसेजचे तुकडे वेगळे परतून वरून. शेवटी कांद्याची पात.

तिसऱ्या दिवशी जमलं. बाबांना भरवावं लागायचं. मी काट्यानं एकेक द्यायचो, चीजची तार तुटेपर्यंत ते तोंड उघडं ठेवून थांबायचे. अर्धी बशी संपवली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हसत होते. म्हणाले, "हे तिनं केलं असतं त्या दिवशी." मग म्हणाले, "तुला कसं रे माहीत, तिनं बर्फाचं पाणी घेतलं होतं ते?"

मी म्हणालो, "सगळेच घेतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अजून एक दे."

त्यानंतर जवळजवळ रोज केले. शेवटी दोन-तीनच खायचे. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी तो निरोप दिला. मी जसाच्या तसा लिहितो: "इव्हेटला सांग, मी तिला कधीच माफ केलंय. बारा वर्षांचं लेकरू होतं. मी उगाच ताठ राहिलो. तिनं केलेलं मी कधी तोंडात घातलं नाही, हे माझं चुकलं. तिला म्हणावं, ये."

हा निरोप. पोचवला.

नोलन


२५ फेब्रुवारी

इव्हेट,

दुसरंही परत आलं. बरं झालं.

बरं झालं म्हणतो, कारण ते पाकीट हातात घेऊन मी गाडीत बसलो, फोडलं, आणि माझंच पत्र परक्या माणसासारखं वाचलं. 'निरोप पोचवला' असं मी लिहिलंय. एखादं पार्सल दारात ठेवून यावं तसं. ज्या माणसानं काही केलेलंच नाही, त्याला माफ केल्याचा निरोप. तू ते वाचलं असतंस तर माझ्या तोंडावर थुंकायलाही आली नसतीस.

आणि 'नोलन, जरा वाट बघ' हे वाक्य. सगळ्यांना मी सांगत आलोय ना, की त्या दिवशी मी घरातच नव्हतो? बाहेर गाडी धूत होतो ना? मग तुझं ते वाक्य मला कुठून ऐकू आलं? बाबांनी तेच विचारलं होतं, आणि मी त्यांना आणखी एक फ्राय दिला.

तुला सगळं माहीत आहे. तरी मला लिहायचंय, कारण मी ते आजवर कुठेच लिहिलेलं किंवा बोललेलं नाही.

जुलैचा शनिवार होता. आई कोळंबी सुकवायच्या शेडवर कामाला. बाबा मागच्या छपरीत जाळं विणत बसलेले. तू सकाळी त्यांच्या विणायच्या सुयांत दोरा भरून दिलास आणि म्हणालीस, आज दुपारी सगळ्यांना माझ्या हातचं. गावातल्या जत्रेत तू ते फ्राइज खाल्ले होतेस आणि आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हतीस. "त्यांच्यात मसालाच नव्हता. मी घरी करून दाखवते."

मी टेबलाशी बसून तुला घाई करत होतो. डार्लीन, माझी तेव्हाची मैत्रीण, मला गाडीतून न्यायला येणार होती आणि मला खाऊन निघायचं होतं. तू तेल मंद आचेवर ठेवलं होतंस. अगदी नीट ठेवलं होतंस. मी उठलो आणि आच पूर्ण मोठी केली. तू ओरडलीस. मी म्हणालो, "काही होत नाही. पात नाहीये ना तुझ्याकडे? जा, क्लोव्हिस काकांच्या परसातून घेऊन ये. तेलाकडे मी बघतो."

तू दोनदा विचारलंस. "बघशील ना? नक्की?"

"जा गं बाई," म्हणालो.

तू कुंपणापलीकडे गेलीस आणि बाहेर हॉर्न वाजला. मी डार्लीनला थांब म्हणायला गेलो. तिनं दार उघडलं, मी आत बसलो, ती म्हणाली एक फेरी मारू. रस्त्याच्या टोकापर्यंत. परत येताना मला धूर दिसला.

बाबांनी जळती कढई उघड्या हातांनी उचलली होती. मागच्या दाराशी पाय घसरला आणि ते तेल त्यांच्याच हातांवर आलं. तू अंगणात पातीची जुडी धरून उभी होतीस. हे सगळं मी गाडीच्या काचेतून पाहिलं, आणि उतरायच्या आधी काय सांगायचं ते ठरवलं. एवढ्याशा वेळात. डार्लीनला म्हणालो, तू जा, आणि तू इथे नव्हतीसच.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आईनं विचारलं. तू म्हणालीस, "नोलन म्हणाला होता तो बघतो." मी म्हणालो, "खोटं बोलतेय. मी बाहेर गाडी धूत होतो." मला तुझा चेहरा आठवतो. तू रडली नाहीस. तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी कोण आहे ते तुला कुणीतरी आत्ताच सांगितलंय.

सतरा वर्षांचा होतो म्हणून घाबरलो, हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण मी अठराचा झालो, वीसचा झालो, चाळीसचा झालो. बाबांना हातात सुई पुन्हा धरता आली नाही. छपरीला कुलूप लागलं. तुझ्यात जाळं विणायची कला होती हे सगळ्यांना माहीत होतं, तरी त्यांनी ती तुला शिकवली नाही. तू वाढलेलं ताट ते बाजूला सरकवायचे. ओरडायचे नाहीत, फक्त सरकवायचे. मी समोर बसून जेवायचो.

आता फोनचं लिहितो. बारा नोव्हेंबर. तू केलेला एकुलता एक फोन. तू म्हणालीस, "मी यायला तयार आहे. पण आधी तू त्यांना खरं सांग. त्यांनी ऐकलं की मी निघते." मी हो म्हणालो. दोन दिवसांनी तू परत लावलास. म्हणजे तू दोनदा फोन केलास, हेही मी वर चुकीचं लिहिलं.

तू विचारलंस, "सांगितलंस?"

मी म्हणालो, "सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. भिंतीकडे तोंड करून झोपले."

इव्हेट, मी त्यांना सांगितलं नव्हतं. एक शब्द नाही. तू फोन ठेवलास तेव्हा ते पलीकडच्या खोलीत जागे होते आणि विचारत होते, "कोण होतं? इव्हेट होती का?" मी म्हणालो, चुकीचा नंबर.

ते भिंतीकडे तोंड करून झोपले नव्हते. ते दाराकडे तोंड करून झोपायचे. शेवटपर्यंत.

नोलन


३० मार्च

इव्हेट,

तिसरं पत्र परत आलं नाही. महिना झाला. तू वाचलंस की कचऱ्यात टाकलंस, कळायला मार्ग नाही. पहिले काही दिवस मी रोज पोस्टाची पेटी बघायचो आणि ती रिकामी दिसली की मला हलकं वाटायचं. मग माझीच मला लाज वाटली. कागदावर लिहायचं, तिकीट चिकटवायचं, आणि मोकळं व्हायचं. जिच्यासमोर मी तुला खोटारडी म्हणालो ती बाई तर माझ्या घरापासून चार घरांवर राहते.

काल गुड फ्रायडे. दरवर्षीसारखी क्रॉफिश, ते नदीतले लाल शेवंडे, उकडली. बाबा नाहीत म्हणून कमीच माणसं, मी, आई आणि क्लोव्हिस काका. बाहेर टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं, त्यावर लाल ढीग. काका त्यांची ती जुनी बोटीची गोष्ट सांगत होते. मी मध्येच म्हणालो, "आई, त्या दिवशी तेल मी ठेवून गेलो होतो."

आई शेपूट सोलत होती. "कुठल्या दिवशी?"

"तू शेडवर होतीस त्या दिवशी. आच मी मोठी केली. इव्हेटला पात आणायला मी पाठवलं. बघतो म्हणालो आणि डार्लीनच्या गाडीतून गेलो."

काकांनी हातातलं खाली ठेवलं. आईकडे वळून हळूच म्हणाले, "ती आली होती माझ्याकडे पात मागायला. पळत आली होती. मला म्हणाली, लवकर द्या काका, नोलन एकटा आहे तेलापाशी. मी तेव्हा डडलीला सांगितलं होतं, व्हर्डी. तो म्हणाला, पोरांच्या भांडणात पडू नकोस."

आईनं सोललेलं शेपूट कागदावर ठेवलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं हात पुसले, प्रत्येक बोट वेगळं पुसलं, आणि म्हणाली, "मी त्या पोरीला काय म्हणायचे माहितीय तुला? दर वाढदिवसाला फोनवर? म्हणायचे, शा, माझ्या सोन्या, तू नुसतं कबूल कर. बाबा विरघळतील. एकदा कबूल कर, बस्स. सत्तावीस वर्षं मी तिला म्हणतेय, कबूल कर."

मग मी फोनचंही सांगितलं. नोव्हेंबरचं. ते सांगितल्यावर तिनं खुर्ची मागे सरकवली.

"तो विचारायचा मला," आई म्हणाली. "रोज विचारायचा, पोरीचा फोन आला का. मी म्हणायचे, नाही हो."

ती आत गेली आणि दाराची कडी लावली. बाहेर इतकं सगळं शिजवलेलं पडलं होतं. काकांनी आणि मी ते पिशव्यांत भरलं. जाताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवतील असं मला उगाच वाटलं. त्यांनी वॉकर फिरवला आणि गेले.

आज सकाळी आई माझ्या दारात आली. आत नाही आली. म्हणाली, "मला तिच्याकडे जायचंय. विमानाचं कसं करतात ते बघ."

मी म्हणालो, "मी येतो बरोबर."

"तू नाही."

नोलन


१९ मे

इव्हेट,

आई आता तुझ्याकडे आहे, म्हणजे हे पत्र तिच्याही हातात पडेल. पडू दे.

न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळापर्यंत मी तिला सोडलं. दीड तास. निघतानाच ती म्हणाली, "गाडी चालव, बोलू नकोस." बहात्तर वर्षांची बाई, ह्यूस्टनच्या पलीकडे कधी गेलेली नाही, आणि तुझ्या डलूथला एप्रिलातही बर्फ असतो हे ऐकून तिनं बाबांचं जाड जाकीट अंगात चढवलं होतं. बॅग मला उचलू दिली नाही. आत जाताना मागे वळून म्हणाली, "जेवत जा." तेवढंच. मी गाडीत येऊन बसलो आणि पुष्कळ वेळ किल्ली फिरवली नाही.

मग तीन आठवडे काही नाही. आणि मागच्या रविवारी दुपारी तुझा फोन.

तू म्हणालीस, "तुझी शेवटची दोन पत्रं माझ्याकडे आहेत. उघडलेली नाहीत. उघडणारही नाही. आईनं सांगितलं, पण आईनं सांगितलेलं मला पुरत नाही. माझी मुलगी इथे बसलीय. ती बारा वर्षांची आहे. तिला सांग. तोंडानं."

मी म्हणालो, "इव्हेट, ती लहान आहे."

तू म्हणालीस, "हो. एवढीच असते बारा वर्षांची मुलगी."

मग तिचा आवाज आला. "हॅलो? मी लिनिया."

मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिचा आवाज तुझ्यासारखा नाही, थोडा खरखरीत आहे. मी म्हणालो, मी तुझा मामा. ती म्हणाली, "माहितीय. आई म्हणते तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

मी सांगितलं. सुरुवातीला मागचं-पुढचं होत होतं, मग नीट सांगितलं. बटाटे, बर्फाचं पाणी, आच, पात, हॉर्न. आजोबांचे हात. दवाखान्यातला व्हरांडा, आणि मी काय म्हणालो ते, त्याच शब्दांत. मग आजारपण, फ्राइज, तुझे दोन फोन, मी दोन्हीकडे बोललेलं खोटं.  मागे भांड्यांचा आवाज येत होता, बहुतेक आई.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "मग आजोबांना शेवटपर्यंत कळलंच नाही?"

"नाही."

"तुम्ही त्यांना रोज भरवत होता ना? ते फ्राइज?"

"हो."

"म्हणजे रोज त्यांच्यासमोर बसायचात?"

"हो."

ती हिशेब जुळत नसल्यासारखी, अगदी साध्या आवाजात, रागानं नाही, म्हणाली, "मग रोज सांगता आलं असतं की, मामा."

सत्तावीस वर्षांत मी जेवढी कारणं जमवली होती, ती सगळी माझ्याजवळ होती. सतराचा होतो. घाबरलो होतो. मरणाऱ्या माणसाला कशाला त्रास. त्यातलं एकही मला त्या पोरीसमोर काढता आलं नाही.

मी म्हणालो, "हो बाळा. रोज सांगता आलं असतं."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज झाला. मग तू म्हणालीस, "ऐकलं मी," आणि ठेवलास.

नोलन